तारापूर : वीज, इंधन आणि निरीक्षक

तारापूर अणुवीज केंद्र हे भारतातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र. मुंबईच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर, बोईसरच्या पश्चिमेस, अरबी समुद्राच्या काठी ते उभे आहे. केंद्र उभे राहिले तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. तारापूरचे नाव त्याआधी इतिहासात येते ते किल्ल्यामुळे. चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ च्या जानेवारीत तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला होता. विसाव्या शतकात याच किनाऱ्यावर उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या बसवल्या गेल्या. १९६९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या संचाची वीज वाहिन्यांवर आली आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही संचांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले.

भारतात आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी अणुइंधनाची मोजदाद पहिल्यांदा केली ती याच केंद्रात. त्यामुळे तारापूरचा इतिहास वीजनिर्मितीपुरता राहत नाही. इथे दोन प्रकारचे पहारे बसले. इंधन बॉम्बकडे वळू नये म्हणून बसलेला पहारा परदेशाच्या आग्रहाने आला आणि केंद्राबरोबरच आला. कामगार आणि आसपासची गावे सुरक्षित राहावीत म्हणून लागणारा स्वतंत्र पहारा मात्र देशाने स्वतः उभारायचा होता, आणि तो बऱ्याच उशिरा उभा राहिला. या दोन पहाऱ्यांमधले अंतर हा तारापूरच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे.

भारताचा अणुऊर्जा आयोग १९४८ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाला. डॉ. होमी भाभा त्याचे पहिले अध्यक्ष. १९५४ मध्ये अणुऊर्जा विभाग वेगळा निघाला आणि मुंबईजवळ तुर्भ्याला संशोधनकेंद्राची उभारणी सुरू झाली. तिथली ‘अप्सरा’ ही छोटी अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचा आराखडा आणि बांधणी भारतीयांची, इंधन ब्रिटनचे. त्यानंतर कॅनडाच्या साहाय्याने ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ‘सायरस’ अणुभट्टी उभारली गेली आणि १९६० मध्ये ती चालू झाली. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले. या दोन्ही देशांनी भारताकडून एवढेच वचन घेतले होते की, सायरसचा उपयोग शांततामय कामासाठीच केला जाईल. ते वचन पाळले जाते की नाही हे तपासणारा निरीक्षक करारात नव्हता.

याला कारण काळ होता. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणूची कल्पना मांडली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर मोठी परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे आले. वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेले ज्ञान त्या परिषदेत खुले झाले. पण देखरेख करणारी आंतरराष्ट्रीय संस्था अजून जन्मायची होती. तिच्या घटनेवर १९५६ मध्ये न्यूयॉर्कला चर्चा झाली, तेव्हा भाभांनी कडक तपासणीच्या तरतुदींना ठाम विरोध केला. ज्यांच्याकडे शस्त्रे आहेत आणि स्वतःचे युरेनियम आहे त्यांच्यावर कसलीही तपासणी येणार नाही, आणि मदत घेणाऱ्या गरीब देशांना मात्र परक्या निरीक्षकांसाठी दारे उघडावी लागतील, ही विषमता त्यांना मान्य नव्हती. हा आक्षेप न्याय्य होता. पुढच्या साठ वर्षांत भारताने या विषयावर जे जे युक्तिवाद केले, त्यांचे मूळ या भाषणांत सापडते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना २९ जुलै १९५७ रोजी अमलात आली. संस्थेचे मुख्यालय व्हिएन्नात झाले. भारत तिचा संस्थापक सदस्य होता.

अणुवीज केंद्रासाठी पश्चिम किनारा निवडण्यामागे साधा हिशेब होता. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालमध्ये आणि गिरण्या-कारखाने मुंबई-अहमदाबादकडे. वाघिणी भरभरून कोळसा शेकडो मैल ओढत आणायचा तर त्याची किंमत वाटेतच वाढे. खाणींपासून दूरच्या प्रदेशात अणुवीज कोळशाच्या विजेशी बरोबरी करू शकेल, असे भाभांचे म्हणणे होते. तारापूर मुंबई आणि गुजरात यांच्या मध्ये पडते, आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी समुद्रातून हवे तेवढे मिळते. त्यामुळे वीज नव्याने झालेल्या महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत वाटून द्यायची, असे ठरले.

१९६० मध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या. वेगवेगळ्या देशांतून सात प्रस्ताव आले. त्यांतून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रस्ताव निवडला गेला. ही निवड भाभांच्या दीर्घ योजनेशी जुळणारी नव्हती. त्यांची योजना नैसर्गिक युरेनियम, मग प्लुटोनियम आणि शेवटी थोरियम अशा तीन टप्प्यांची होती. तिचा हेतू हा की, इंधनासाठी देशाला कोणापुढे हात पसरावा लागू नये. जनरल इलेक्ट्रिकच्या अणुभट्टीला मात्र समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले, युरेनियम लागे आणि ते त्या काळी विकत मिळण्याचे ठिकाण म्हणजे अमेरिका. तरीही तिची किंमत कमी होती, केंद्र लवकर उभे राहणार होते आणि अमेरिकेच्या मदतसंस्थेचे दीर्घ मुदतीचे, नाममात्र व्याजाचे कर्ज मिळत होते. अणूपासून व्यापारी प्रमाणावर वीज निघते हे देशाला दाखवून देण्यासाठी भाभांनी परावलंबन पत्करले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरविषयीचा करार झाला. मुदत अमलात आल्यापासून ३० वर्षांची. तारापूरला लागणारे सगळे समृद्ध युरेनियम अमेरिका विकेल आणि भारत या केंद्रात दुसरे कोणतेही इंधन वापरणार नाही, असे दोन्ही बाजूंनी बांधून घेतले गेले. केंद्रात येणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या इंधनावर देखरेख राहील आणि यथावकाश ते काम आंतरराष्ट्रीय संस्थेकडे सोपवले जाईल, हेही ठरले. भाभांच्या तत्त्वाला हा धक्का होता. म्हणून भारताने करारात एक गोष्ट काळजीपूर्वक लिहून घेतली : तारापूर केवळ अमेरिकेने दिलेल्या इंधनावर चालणार आहे, या एका कारणासाठी भारत ही देखरेख मान्य करत आहे. यंत्रसामग्री परदेशी आहे म्हणून तपासणी हा अर्थ त्यातून निघू नये, यासाठी ही शब्दरचना होती. वाचताना हे कलम कोरडे वाटते. पण पुढे अमेरिकेने इंधन अडवले तेव्हा भारताची सगळी बाजू या एका वाक्यावर उभी होती.

जनरल इलेक्ट्रिकशी १९६४ मध्ये कंत्राट झाले आणि त्याच वर्षी बांधकाम सुरू झाले. स्थापत्याचे काम बेक्टेल कंपनीकडे होते. एम. आर. श्रीनिवासन यांच्यासारखे तरुण अभियंते या प्रकल्पात घडले आणि त्यांनीच पुढे देशातील इतर केंद्रे उभारली. भाभांना मात्र तारापूर चालू झालेले पाहता आले नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावर त्यांचे विमान कोसळले. त्यांच्यानंतर विक्रम साराभाई आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६९ च्या फेब्रुवारीत दोन्ही अणुभट्ट्यांमधली साखळी-प्रक्रिया सुरू झाली आणि १९७० च्या जानेवारीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले.

तारापूरच्या मूळ संचांची रचना समजून घेतली तर पुढच्या अडचणी समजतात. अणुभट्टीच्या जाड पोलादी पात्रात इंधनाची २८४ जुडगी उभी असतात. एकेका जुडग्यात झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या लांब नळ्या आणि त्या नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोट्या भरलेल्या. या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असते. नैसर्गिक युरेनियमात ते जेमतेम ०.७ टक्के असते, आणि बॉम्बला लागणारे प्रमाण यापेक्षा कितीतरी जास्त. पात्रातले पाणी इंधनाच्या उष्णतेने उकळते आणि त्याची वाफ थेट जनित्राच्या चक्राकडे जाते. तारापूरच्या रचनेत त्याखेरीज दुय्यम वाफ तयार करणारी उष्णता-विनिमय यंत्रेही होती. प्रत्येक संचाची क्षमता २१० मेगावॉट ठरली होती. अणुभट्टीतली वाफच चक्रापर्यंत जात असल्यामुळे इंधनाच्या एखाद्या नळीला चीर गेली तरी किरणोत्सारी द्रव्य यंत्रघरापर्यंत पोचू शके. सुरुवातीच्या वर्षांत तसे घडलेही. आत काम करणाऱ्यांना त्याचा त्रास सर्वांत जास्त झाला.

आंतरराष्ट्रीय देखरेखीची व्यवस्था २७ जानेवारी १९७१ च्या त्रिपक्षीय कराराने पक्की झाली. भारत, अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या तिघांचा तो करार. आता व्हिएन्नाहून निरीक्षक तारापूरला येऊ लागले.

निरीक्षकाचे काम मुख्यतः हिशेबनिसाचे. प्रत्येक इंधन-जुडग्यावर क्रमांक कोरलेला असतो. केंद्रात किती जुडगी आली, किती भट्टीत गेली, किती बाहेर काढून पाण्याच्या टाकीत ठेवली, याची वही केंद्र ठेवते आणि निरीक्षक ती प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहतो. भट्टीचे झाकण बंद असताना आतले इंधन मोजता येत नाही. म्हणून झाकणावर सील लावायचे आणि पुढच्या वेळी ते शाबूत आहे का पाहायचे. संस्थेने वर्षानुवर्षे वापरलेले धातूचे सील म्हणजे तांबे आणि पितळ यांच्या दोन छोट्या झाकणांची डबी. कुलपासारखी अडकवलेली तार तिच्यात शिरते, आत तिची गाठ मारली जाते आणि डबी दाबून बंद केली जाते. एकदा बंद झालेली डबी मोडल्याशिवाय उघडत नाही. तिच्या आतल्या पृष्ठभागावर मुद्दाम वेड्यावाकड्या खुणा केलेल्या असतात आणि त्यांचे छायाचित्र आधीच व्हिएन्नात जपून ठेवलेले असते. निरीक्षक तार कापून डबी बरोबर नेतो. तिथे ती फोडून आतल्या खुणा छायाचित्राशी जुळवल्या जातात. तिच्या जागी हुबेहूब दुसरी डबी बसवणे जवळजवळ अशक्य असते. सीलच्या जोडीला ठरावीक अंतराने चित्र टिपणारे कॅमेरे असतात.

निरीक्षकाला खरी काळजी असते ती वापरलेल्या इंधनाची. अणुभट्टीत युरेनियम-२३८ चा काही भाग प्लुटोनियम बनतो आणि ते प्लुटोनियम रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढता येते. एका बॉम्बला पुरेल इतके प्लुटोनियम म्हणून संस्थेने ८ किलो हे माप धरले आहे. एवढा साठा वापरलेल्या इंधनातून कोणी वळवला तर ते साधारण तीन महिन्यांत उघडकीस यावे, असा तिच्या वेळापत्रकाचा आधार आहे. टाकीच्या तळाशी ठेवलेल्या इंधनातून निघणाऱ्या किरणोत्सारामुळे पाण्यात फिका निळा प्रकाश पडतो. निरीक्षक काठावर उभा राहून एका खास दुर्बिणीतून तो न्याहाळतो. खरे जुडगे काढून त्याच आकाराचे नकली जुडगे ठेवले असेल तर त्याभोवतीचा प्रकाश वेगळा दिसतो.

ही तपासणी बारकाईची होती, पण तिची मर्यादाही स्पष्ट होती. झडप गळते का, कामगाराच्या अंगावर किती किरणोत्सार पडला, समुद्रात सोडलेल्या पाण्यात काय आहे, हे पाहणे या निरीक्षकाच्या कामात बसत नव्हते. त्याच्या वहीत सगळी जुडगी जुळली की त्याचे काम संपे.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुचाचणी केली. तिच्यासाठी वापरलेले प्लुटोनियम सायरसमधले होते. ज्या अणुभट्टीबाबत केवळ वचन घेतले गेले होते तिथून ते आले, आणि ज्या केंद्रात निरीक्षक येत होते तिथल्या इंधनाला कोणी हात लावला नव्हता. तरी शिक्षा तारापूरला झाली. कॅनडाने भारताशी अणुसहकार्य थांबवले. अणुसाहित्य विकणारे देश एकत्र आले आणि त्यांनी निर्यातीचे नियम ठरवायला सुरुवात केली. अणुपुरवठादार गटाचा जन्म या घटनेतून झाला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७८ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा केला. ज्या देशाला अमेरिकी इंधन हवे असेल त्याने आपली एकूण एक अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणावीत, अशी अट त्यात होती. नवा कायदा करून १९६३ चा करार एकतर्फी बदलता येणार नाही, हे भारताचे उत्तर. मोरारजी देसाई पंतप्रधान होते आणि स्फोटक चाचण्यांना त्यांचा व्यक्तिशः विरोध होता, पण या मुद्द्यावर तेही तसूभर हलले नाहीत. १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर दिल्लीत आले. भारताला थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवे, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणत असताना जवळचा ध्वनिक्षेपक चालू राहिला आणि ती कुजबुज जगभर गेली. कुजबुज तारापूरच्या इंधनावरून होती.

एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात तारापूरच्या एका खेपेवर मते समसमान पडली आणि परवाना अडला. कार्टर यांनी विशेष आदेश काढून ती खेप सोडवली. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न आला तेव्हा आयोगाने परवाना नाकारला, कार्टर यांनी पुन्हा आदेश काढला, प्रतिनिधिगृहाने तो मोठ्या बहुमताने फेटाळला आणि सिनेटमध्ये तो ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी वाचला. महाराष्ट्र आणि गुजरातच्या विजेचा एक हिस्सा वॉशिंग्टनमधल्या दोन मतांवर लोंबकळत होता. इंधनाच्या गोट्या आणि जुडगी तोवर हैदराबादच्या अणुइंधन संकुलात तयार होऊ लागली होती, पण त्यांच्यासाठी लागणारे समृद्ध युरेनियम बाहेरूनच यावे लागे. केंद्राने असलेले इंधन पुरवून पुरवून वापरले.

१९८२ च्या जुलैमध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि अध्यक्ष रेगन यांच्याशी तोडगा ठरला : अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे आणि आंतरराष्ट्रीय देखरेख आहे तशी चालू राहावी. हा तोडगा दोन्ही देशांची अब्रू राखणारा होता. वापरलेल्या इंधनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यावर पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा आपल्याला हक्क आहे, असे भारत म्हणे. अमेरिकेच्या मते दोन्ही देशांनी मिळून निर्णय केल्याशिवाय ते करता येत नव्हते. तारापूरच्याच आवारात पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा होता आणि शेजारच्या टाक्यांत जुने इंधन साचत होते. जागा संपू लागल्यावर साठवणीसाठी वेगळी टाकी बांधावी लागली.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये ३० वर्षांचा करार संपला. अणुपुरवठादार गटाने आदल्या वर्षीच सर्व केंद्रांवर तपासणीची अट स्वीकारली असल्यामुळे फ्रान्सनेही हात वर केले. आता इंधन देणारा कोणी नव्हता. भारताने ज्या कलमावर जोर दिला होता त्या कलमानुसार इंधन थांबले की तपासणीचे बंधनही संपते, असा युक्तिवाद करता आला असता. पण भारताने आंतरराष्ट्रीय संस्थेशी स्वतंत्र करार करून १९९४ पासून देखरेख आपण होऊन चालू ठेवली. तारापूरच्या इतिहासात याहून सुज्ञ निर्णय सापडत नाही. निरीक्षकांचे येणे चालू राहिले आणि त्या बळावर पुढच्या इंधनाची वाट उघडी राहिली. १९९५ मध्ये चीनने युरेनियम दिले. मधल्या काळात युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडची काही जुडगीही वापरून पाहिली गेली. २००१ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये रशियाने इंधन पुरवले. पुरवठादार गटातल्या इतर देशांनी हरकत घेतली तेव्हा रशियाने गटाच्या नियमांतल्या सुरक्षिततेच्या अपवादावर बोट ठेवले. इंधनाअभावी केंद्राच्या सुरक्षित चालण्याला बाधा येईल, असा त्याचा दावा होता.

दुसऱ्या पहाऱ्याची कहाणी अशी कलमवार सांगता येत नाही, कारण सुरुवातीला तो वेगळा अस्तित्वातच नव्हता. अणुभट्टी बांधणारा, चालवणारा आणि तिची सुरक्षितता तपासणारा, तिन्ही अणुऊर्जा विभागच होता. १९६२ मध्ये भाभांनी ए. एस. राव यांच्या अध्यक्षतेखाली अणुभट्टी सुरक्षा समिती नेमली. १९७५ मध्ये विभागाची सुरक्षा आढावा समिती झाली. या समित्यांतली माणसे जाणकार होती, पण ती विभागाचीच होती. काही गोष्टी वेळेवर झाल्या हेही नोंदवायला हवे. अणुभट्टी चालू होण्याआधीच तारापूरला पर्यावरण-सर्वेक्षणाची प्रयोगशाळा सुरू झाली. समुद्राचे पाणी, मासळी, दूध, भाजीपाला, माती यांचे नमुने तपासून आधीची पातळी नोंदवून ठेवली गेली, त्यामुळे नंतरची वाढ मोजायला आधार मिळाला.

केंद्राच्या आतली स्थिती मात्र १९७० च्या दशकात कठीण होती. इंधनाच्या नळ्यांना गेलेल्या चिरा, गळणारी यंत्रे आणि अडचणीच्या जागा यांमुळे दुरुस्ती करणाऱ्यांना मिळणारी किरणोत्साराची मात्रा जास्त होती. एका माणसाची मर्यादा ओलांडू नये म्हणून तेच काम अनेक जणांत वाटले जाई आणि त्यासाठी हंगामी मजूर घेतले जात. प्रत्येकाची मात्रा मर्यादेत राहिली तरी एकूण मात्रा कमी होत नव्हती. वृत्तपत्रांतून यावर टीका झाली. व्हिएन्नाच्या निरीक्षकाला या मजुरांची नोंद ठेवायची नव्हती, आणि देशात ती मागणारी स्वतंत्र संस्था नव्हती.

१९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि नियमन वेगळे असावे हा विचार भारतातही बळावला. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. तारापूर तेव्हा चौदा वर्षे चालले होते. मंडळाचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. त्याला परवाने देण्याचे, रोखण्याचे अधिकार मिळाले, परंतु मंडळ अणुऊर्जा आयोगाला जबाबदार राहिले, आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा विभागाचा सचिव. मंडळाचे अध्यक्ष राहिलेले ए. गोपालकृष्णन यांनी या रचनेवर उघड टीका केली. त्यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, मंडळाने देशभरातील अणुकेंद्रांमधल्या सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींची यादी केली होती. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानेही मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानावर बोट ठेवले. नव्या नियामक प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये संसदेत आले, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते व्यपगत झाले.

मर्यादा असूनही मंडळाने तारापूरवर ठसा उमटवला. दुय्यम वाफेच्या यंत्रांची गळती थांबेना, तेव्हा ती यंत्रे बाजूला करून १९८० च्या दशकात दोन्ही संचांची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणली गेली. वीज कमी झाली आणि धोकाही. तीस वर्षे पूर्ण झाल्यावर मंडळाने दोन्ही संचांचा सर्वंकष आढावा घेतला. मूळ रचनेत दोन संचांच्या काही सुरक्षा-व्यवस्था सामाईक होत्या. एकावर संकट आले तर दुसऱ्याचाही आधार जावा, अशी ती स्थिती. २००५-०६ मध्ये केंद्र बंद ठेवून नवी, मोठी डिझेल जनित्रे बसवली गेली आणि आपत्कालीन वीजपुरवठा वेगळा केला गेला.

११ मार्च २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर सगळ्यांचे लक्ष पुन्हा तारापूरकडे वळले. फुकुशिमाच्या अणुभट्ट्याही उकळत्या पाण्याच्या होत्या आणि तिथला पहिला संच जनरल इलेक्ट्रिकचाच होता. तारापूरला आपत्कालीन शीतक आहेत. वीज पूर्ण गेली तरी भट्टीतली वाफ आपोआप त्यांच्यात चढते, थंड होऊन पाणी होते आणि परत भट्टीत उतरते. त्यामुळे काही तास पंपांवाचून निभावते. पण अशीच सोय फुकुशिमाच्या पहिल्या संचातही होती. नियंत्रणाची वीज जाताच तिच्या झडपा बंद झाल्या आणि ती निरुपयोगी ठरली. म्हणून नुसत्या सोयीवर विसंबून न राहता बाहेरून पंपाने पाणी सोडण्यासाठी जोडण्या बसवणे, फिरती जनित्रे ठेवणे असे उपाय सुचवले गेले. पश्चिम किनाऱ्यावर सुनामीचा धोका पूर्वेपेक्षा कमी असला तरी शून्य नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेली लाट मुंबईपर्यंत आली होती.

दरम्यान तारापूरला तिसरा आणि चौथा संच उभा राहिला. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या या अणुभट्ट्या पूर्णपणे भारतीय आराखड्याच्या आहेत. चौथा संच २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये व्यापारी उत्पादनात आला. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना जागा सोडावी लागली. शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रखडले आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. समुद्राशी बांधलेल्या माणसाला किनाऱ्यापासून दूर नुसते घर देऊन त्याचे पोट भरत नाही, ही गोष्ट प्रकल्प आखतानाच ध्यानात घ्यायला हवी होती.

१८ जुलै २००५ च्या भारत-अमेरिका निवेदनाने तारापूरचा जुना वाद वेगळ्या पातळीवर गेला. भारताने आपली नागरी आणि सामरिक केंद्रे वेगळी करावीत, नागरी केंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणावीत आणि त्या बदल्यात जगाने इंधन आणि तंत्रज्ञान द्यावे, असा तो सौदा. डॉ. अनिल काकोडकर तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. कोणते केंद्र कोणत्या यादीत जायचे, हे भारतच ठरवील, असा त्यांनी आग्रह धरला. २००६ च्या आराखड्यात २२ पैकी १४ अणुभट्ट्या देखरेखीखाली द्यायचे ठरले. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संचालक मंडळाने १ ऑगस्ट २००८ रोजी भारतासाठीच्या खास कराराला मान्यता दिली, ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि २००९ च्या मेमध्ये करार अमलात आला. १९७८ पासून मागितली जात असलेली सर्वंकष तपासणी भारताने मानली नाही, आणि तरीही इंधनाची दारे उघडली. १९५६ मध्ये भाभांनी मांडलेल्या आक्षेपाला मिळालेला हा सर्वांत मोठा व्यावहारिक मान.

त्या चौदांत तारापूरचे पहिले दोन संच आहेत. तिसरा आणि चौथा नाहीत. एकाच किनाऱ्यावर, एकाच नावाच्या केंद्रात दोन अणुभट्ट्यांचे इंधन व्हिएन्नाच्या वहीत जुडग्यागणिक नोंदले जाते आणि शेजारच्या दोन अणुभट्ट्यांचे नोंदले जात नाही. २०१४ च्या जुलैमध्ये भारताचा आंतरराष्ट्रीय संस्थेशी झालेला ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ हा पूरक करार अमलात आला आणि नागरी केंद्रांविषयीची अधिक माहिती संस्थेला मिळू लागली. सुरक्षिततेच्या बाजूनेही बाहेरचे डोळे येऊ लागले. अणुसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली, २०१२ मध्ये राजस्थानच्या केंद्राच्या कामकाजाची पाहणी करण्यासाठी आणि २०१५ मध्ये नियामक मंडळाच्या कारभाराचा आढावा घेण्यासाठी संस्थेची पथके येऊन गेली. ही पथके यजमानाच्या निमंत्रणावरून येतात आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक नसतात.

तारापूरच्या पहिल्या दोन संचांनी २०१९ मध्ये पन्नाशी गाठली, तेव्हा ते जगातल्या सर्वांत जुन्या चालू अणुवीज संचांपैकी होते. २०२० मध्ये दोन्ही संच मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले. अशा वयाच्या यंत्रांवर नजर ठेवण्याचा हक्क त्यांच्या शेजाऱ्यांनाही आहे. इंधनाचा हिशेब दर वर्षी व्हिएन्नाला जातो. किनाऱ्यावरच्या पाण्याचे, मासळीचे आणि दुधाचे जे मोजमाप होते, तेही दर वर्षी सोप्या मराठीत घिवली, दांडी, चिंचणी, तारापूर इथल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागले पाहिजे.